टीप: मजकूर समजला नाही

आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर द्यायचं, असा हिंमतराव वानखड्यांचा तेहेतीस वर्षांचा नेम होता. अमुक पुस्तक तुमच्याकडे आहे का, असं विचारणारं कार्ड वाचनालयात आलं की तिसऱ्या दिवशी त्यांचं उत्तर टपालात पडायचं. एका गृहस्थांनी चार पानं भरून वाचनालयाला शिव्या घातल्या होत्या. त्यांनाही 'आपले सविस्तर पत्र पावले, आभारी आहे' असं गेलं होतं. असा हा माणूस. आणि आयुष्यात ज्या एका पत्राला उत्तर द्यायलाच हवं होतं, ते मात्र तसंच राहून गेलं. कारण ते पत्र आहे, हेच त्यांच्या ध्यानात आलं नाही.

जानेवारीत आलं होतं ते. मोठा तपकिरी लिफाफा, वर छापील चिठ्ठीवर वाचनालयाचा पत्ता, पाठवणाऱ्याचं नाव नाही. आत जाड कागदाची तीन पानं. शाईचा एक थेंब नाही, नुसते उठलेले ठिपके. ब्रेल आहे एवढं हिंमतरावांना कळलं. त्याच महिन्यात त्यांनी पाच संस्थांकडे ब्रेल पुस्तकांचे नमुने मागितले होते; त्यातलाच हा एक नमुना, असं त्यांनी धरलं. मग ग्रंथपालाने जे करायचं ते केलं. दाखल क्रमांक दिला, पानाच्या कोपऱ्यात वाचनालयाचा शिक्का मारला, ऑनलाइन सूचीत नोंद केली, सवयीप्रमाणे नोंदीखाली एक टीप लिहिली, आणि ती पानं कपाटात ठेवून दिली.

एका बाईंनी त्यांना... त्यांना एकट्याला लिहिलेलं पत्र. शिक्का मारून, कपाटात!

पण आधी त्या बाई कोण, ते सांगायला हवं.

बिबवेवाडीत एका पिठाच्या गिरणीच्या डोक्यावर संध्याप्रकाश वाचनालय आहे. गिरणी चालू झाली की वरच्या टेबलांना बारीक थरथर सुटते आणि नव्या पुस्तकांनाही थोडा ज्वारीचा वास येतो. गेल्या नोव्हेंबरात कार्यवाह अनिरुद्ध फाटकांनी ठरवलं की कार्डांचे खण आता पुरे, सूची ऑनलाइन हवी. दोन प्रणाली दीड महिना तपासायला घेतल्या होत्या. एकीचा पडदा निळा, दुसरीचा पांढरा, म्हणून सगळे त्यांना निळी आणि पांढरी म्हणू लागले. निळीत पुस्तकांची रंगीत मुखपृष्ठं झुळझुळ सरकायची, वाचकांनी दिलेले तारे चमकायचे, 'तुम्हाला हेही आवडेल' म्हणून ती गळ्यातच पडायची. पांढरीत नुसती अक्षरं. जिन्याच्या तोंडाशी पाटी लावली होती, 'दोन्ही सूची वापरून पाहा, अभिप्राय द्या.' सगळ्यांना निळी आवडली होती. खरं सांगायचं तर हिंमतरावांनाही.

वाचनालय दुपारी एक ते चार बंद असतं, हे बिबवेवाडीतल्या मांजरांनाही माहीत आहे. एका गुरुवारी अडीच वाजता हिंमतराव एकटेच कार्डं संगणकात उतरवत बसले होते, तेवढ्यात जिन्यात आवाज आला. टक्... टक्... टक्.

"बंद आहे," ते म्हणाले. म्हणजे म्हणायला गेले.

दारात पन्नाशीच्या एक बाई उभ्या राहिल्या. आखूड कापलेले केस, मोरपंखी सुती साडी, हातात पांढरी काठी. त्यांनी मान किंचित तिरपी केली.

"कोणी आहे का? का पुस्तकंच श्वास घेतायत?"

"मी... ग्रंथपाल."

"अरे वा, ग्रंथपाल बोलतो. आता सूची बोलते का ते बघू. खाली पाटी आहे म्हणे, अभिप्राय द्या. मी द्यायला आलेय."

"पण आपल्याला... म्हणजे आपण..."

"दिसत नाही. जन्मापासून. वाक्यं पुरी करायची पद्धत नाही का इथे?"

शैला रणपिसे त्यांचं नाव. सव्वीस वर्षं एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर होत्या. आता घरबसल्या एक काम करायच्या: वेबसाइट आंधळ्या माणसाला वापरता येते का, ते तपासायचं आणि येत नसेल तर बनवणाऱ्याला नीट झापायचं. हे सगळं त्यांनी खुर्ची शोधून बसेपर्यंत सांगून टाकलं. मग पर्समधून पेनड्राइव्ह काढला. त्यात पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर होता. इअरफोन लावला, एक बोंड स्वतःच्या कानात घातलं आणि दुसरं हवेत धरलं.

"घ्या."

"मी?"

"मग काय गिरणीवाल्याला बोलावू?"

हिंमतरावांनी ते बोंड घेतलं. वायर आखूड होती. सत्तावन्न वर्षांत ते कोणत्याही बाईच्या इतक्या जवळ, इतका वेळ बसले नव्हते. त्यांनी श्वास जपून घ्यायला सुरुवात केली.

आधी निळी. कानात यंत्राचा आवाज सुरू झाला: "चित्र. चित्र. चित्र. बटण. चित्र. बटण. बटण."

"हे काय आहे?"

"पुस्तकांची... मुखपृष्ठं. फार सुंदर आहेत."

"असतील. पण मी तुमच्या गावात आले आणि कोणी नुसतं 'घर, घर, घर' म्हणत सुटलं, तर मी कोणाचं दार वाजवू?"

सभासद म्हणून आत जायला गेल्या, तर यंत्र म्हणालं, "खालील चित्रातली अक्षरं लिहा." शैलाबाई इतक्या मोकळ्या हसल्या की हिंमतरावांना निळीची लाज वाटली, जणू ती त्यांचीच कोणी वाह्यात भाची असावी.

मग पांढरी. "शोध. लिहिण्याची चौकट." शैलाबाईंनी शब्द टाकला. "एकशे बारा निकाल." त्यांनी आवाजाचा वेग वाढवला, आणखी वाढवला, आणि हिंमतरावांना काहीच कळेनासं झालं. खालच्या गिरणीतून पीठ पडावं तसे शब्द धो धो पडत होते, आणि ही बाई त्यातून नेमका हवा तो दाणा उचलत होती. "हा लेखक नको... अठ्ठ्याऐंशी सालचं... हे बाहेर गेलंय... हे आहे." बोटं नुसती बाणांच्या कळांवर. माउसला हातसुद्धा लावला नाही. हिंमतराव बघतच राहिले. तेहेतीस वर्षं ज्या पुस्तकांमधून ते कपाटाचा आधार धरून चालले होते, त्यांतून ही बाई वाऱ्यासारखी गेली होती.

आणि एकाएकी थांबली. वेग कमी करून तीच ओळ पुन्हा ऐकली.

"टीप. पहिली वीस पाने कंटाळवाणी. धीर धरावा."

"हे काय?"

"ती... टीप."

"कळलं. लिहिली कोणी?"

हिंमतरावांची खुर्ची करकरत मागे सरकली.

सूचीच्या कार्डावर तळाशी एक ओळ टिपेसाठी असते. 'नकाशे जोडले आहेत', 'चौथे पान नाही', असलं काही लिहायला. काउंटरवर वाचकाशी चार वाक्यं बोलणं हिंमतरावांना कधी जमलं नाही. जे सांगावंसं वाटे ते सगळं ते त्या ओळीत लिहीत. 'परीक्षेच्या दिवसांत नेऊ नये, अभ्यास होणार नाही.' 'दुसऱ्या प्रकरणापासून वाचल्यास अधिक आवडते.' 'टाकीच्या पाण्यात भिजले, वाळवले. वास गेलेला नाही, मजकूरही.' हजारो कार्डं, हजारो टिपा. कोणी वाचतं, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

निळीत या टिपा होत्या, पण एका इवल्याशा चिन्हाच्या पोटात. त्यावर माउस नेला तरच उघडायच्या. कळांनी तिथे पोचताच येत नव्हतं. म्हणजे शैलाबाईंसाठी निळीत त्या नव्हत्याच.

"मी पुढच्या गुरुवारी येईन," शैलाबाई उठत म्हणाल्या. "तपासणी एका दिवसात होत नाही."

"हो, शैलाताई."

"ताई नका म्हणू."

"मग... काय म्हणू?"

"काहीच म्हणू नका. ते तुम्हाला जास्त जमतं."

असे सहा गुरुवार झाले.

तपासणी खरीच होती हं! पांढरीत मराठी मजकुराला 'हा मराठी आहे' अशी खूण नव्हती, तेव्हा ज्याच्या यंत्राला इंग्रजी आवाज लावलेला असेल, त्याचं यंत्र मराठी नाव आलं की मुकं व्हायचं. ते शैलाबाईंनी शोधलं. पुस्तक आरक्षित करताना दोन मिनिटं हात थांबला तर प्रणाली बाहेर काढायची, तेही शोधलं. हिंमतराव शेजारी बसून लिहून घेत. पण मधेच एखादं वाक्य तपासणीत न बसणारं यायचं.

"आज नवा शर्ट घातलाय तुम्ही."

"आपल्याला कसं..."

"खळ वाजतेय चुरचुर. लाजू नका."

"नाही... लाजत नाही."

"लाजलात की तुमची खुर्ची मागे सरकते. आत्ता वीतभर सरकली."

चौथ्या गुरुवारी त्या म्हणाल्या, "पडदा बंद करा."

"बंद केला तर काही दिसणार..."

"करा तर खरं. डोळेही मिटा. वेग तुमच्यासाठी कमी केलाय."

हिंमतरावांनी डोळे मिटले. त्यांच्या बोटांना धरून शैलाबाईंनी ती कळांवर ठेवली. शैलाबाईंची बोटं थंड होती का हिंमतरावांचीच गरम होती, कोण जाणे. त्यांनी 'विहीर' असा शब्द टाकला.

आणि अंधारातून पुस्तकं यायला लागली.

हिंमतरावांना पुस्तकं ठाऊक होती ती कपाटाच्या खणावरून, पाठीच्या रंगावरून. आता ना कपाट होतं, ना रंग. एकेक पुस्तक आपलं नाव सांगत पुढे येई, कोणी लिहिलं, किती पानं, घरी आहे की बाहेर गेलंय ते सांगे आणि बाजूला होई. मागून पुढचं. त्याच्यामागे आणखी. चाळीस हजार पुस्तकं काळोखात उभी आहेत आणि आपण हाक मारली की ओ देतात... त्यांच्या अंगावर काटा आला. गिरणीची थरथर टेबलातून तळव्यांत येत होती आणि त्यांना वाटलं, ही त्या पुस्तकांचीच धडधड आहे.

"टीप," कानातला परका आवाज म्हणाला. "शेवटचे पान कोणीतरी फाडले आहे. त्यात काय होते ते ग्रंथपालास विचारावे."

"काय होतं?" शैलाबाईंनी विचारलं.

"अं?"

"विचारतेय. लिहिलंय ना, विचारावे म्हणून."

आणि हिंमतरावांनी, डोळे मिटलेलेच ठेवून, सांगितलं. विहिरीतलं पाणी, ती दोन भावंडं, शेवटचं ते पान, सगळं. दहा मिनिटं ते एकटेच बोलत होते. डोळे उघडले तेव्हा शैलाबाई हनुवटीवर हात ठेवून ऐकत होत्या.

"एकवीस वर्षांत कोणी विचारलं नव्हतं," ते म्हणाले.

"सूची पोचत नव्हती ना माझ्यापर्यंत," त्या म्हणाल्या. हे मात्र त्यांनी टोमणा न मारता म्हटलं.

सहाव्या गुरुवारी घोटाळा झाला. निघता निघता शैलाबाईंनी सहज विचारलं, "ब्रेल येतं का हो तुम्हाला?"

हिंमतरावांनी महिन्यापूर्वी गुपचूप ब्रेलचा तक्ता, पाटी आणि टोचणी मागवली होती. 'क' आणि 'ख' शिकले होते. मग आपल्याच्याने हे व्हायचं नाही, या वयात कुठे, असं वाटून तक्ता घडी घालून ठेवून दिला होता. हे सगळं सांगायचं होतं. पण शैलाबाई उत्तराची वाट बघत उभ्या होत्या, तोंडावर काहीतरी आशा होती...

"जमतं... थोडंफार."

"वाचता येतं?"

"...हो."

शैलाबाईंनी काठी उगाचच या हातातून त्या हातात घेतली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. हिंमतरावांनी ते पाहिलं आणि खोटं मागे घ्यायचं त्यांना धैर्य झालं नाही.

डिसेंबरअखेर समितीची सभा झाली. फाटक म्हणाले, "काही म्हणा, कॅटलॉग म्हणून निळी छान दिसते."

"दिसते ना?" शैलाबाई म्हणाल्या. "मग फ्रेम करून भिंतीवर लावा. पुस्तकं शोधायला पांढरी घ्या."

मग त्यांनी सभेपुढे दोन्ही चालवून दाखवल्या. फाटकांना निळीत डोळे मिटून एक पुस्तक शोधायला लावलं. आठ मिनिटांनी फाटक म्हणाले, "ही बया मला अजून 'चित्र, चित्र'च सांगतेय." पांढरी मंजूर झाली. हिंमतराव सभेत एक शब्द बोलले नाहीत. शैलाबाईंचे आभार मानायला म्हणून जिन्यापर्यंत गेले आणि तिथे "हं... तर..." एवढं म्हणून परत आले.

जानेवारीत तो तपकिरी लिफाफा आला. आणि शैलाबाई यायच्या बंद झाल्या.

तपासणी संपली, आता कशाला येतील, असं हिंमतरावांनी मनाशी म्हटलं. या बाईंनी आपल्याला पत्र लिहिलं असेल, ही शंकासुद्धा त्यांना शिवली नाही. लोक फाटकांना पत्रं लिहीत, वाचनालयाला लिहीत. हिंमतराव वानखड्यांना कोण लिहिणार? गुरुवारी अडीच वाजता मात्र ते दार लोटून न घेता बसत. फेब्रुवारी गेला. मार्च गेला.

गुढीपाडव्याला पांढरी सगळ्यांसाठी खुली झाली. आता घरातून पुस्तक शोधता येई, आरक्षित करता येई. पाडव्यानंतर एका मंगळवारी हिंमतरावांनी सकाळी संगणक उघडला तर आरक्षणाची एक चिठ्ठी येऊन पडली होती.

'सभासद: शैला रणपिसे. ग्रंथ: शीर्षक अज्ञात, ब्रेल, तीन पाने. मुदत: सात दिवस. सभासदाचा शेरा: ही टीप वाचली. मग पत्र परत घ्यावं म्हणते.'

हिंमतरावांनी ती ओळ तीनदा वाचली. पत्र? मग त्यांनी ती नोंद उघडली आणि स्वतःच लिहिलेली टीप वाचली:

'मजकूर समजला नाही. स्पर्शाला मात्र फार सुंदर.'

खुर्ची या वेळी मागे सरकली नाही. ते तिच्यात बसूच शकले नाहीत.

तीन महिने... तीन महिने ते पत्र कपाटात होतं, आणि कोणालाही घरी नेता येईल अशा पुस्तकांत! आणि ब्रेल येतं हे आपण खोटं सांगितलं, ते आता शैलाबाईंना आपल्याच टिपेतून कळलं. हिंमतरावांना वाटलं, राजीनामा द्यावा आणि सरळ गावी, अमरावतीच्या गाडीत बसावं.

पण आधी पत्र वाचायला हवं होतं. कोणाकडून वाचून घेणं शक्य नव्हतं; त्यात काय असेल कोण जाणे, आणि ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं? तक्ता शोधून त्यांनी घडी उलगडली.

पांढऱ्यावर पांढरे ठिपके डोळ्यांना दिसत नाहीत. दिसतात ते तिरप्या उजेडात, सावली पडली तरच. वाचनालयाच्या पूर्वेच्या खिडकीतून सकाळी आठ ते नऊ असा उजेड टेबलावर आडवा येतो. एवढा एक तास. हिंमतराव धायरीच्या घरून पहिल्या बसने येऊ लागले. पहिल्या दिवशी तासभर डोकं खाजवलं आणि मग कळलं, पान उलटं धरलंय. ठिपके वर उठलेले असायला हवेत, हे खाली गेलेले आहेत. दुसऱ्या दिवशी अर्धी ओळ झाली. सहा ठिपक्यांचं एक घर, घरागणिक एक अक्षर. पहिला शब्द लागला तेव्हा त्यांच्या पाठीतून शिरशिरी गेली. तो शब्द होता, 'वानखडे'.

त्यांचं नाव. कागदातून वर उठून आलेलं. इतकी वर्षं अक्षरांत काढली, पण अक्षराला अंग असतं हे त्यांना आज कळत होतं. त्यांनी डोळे मिटून ते नाव बोटाने पुन्हा एकदा वाचलं. बोटाला काही कळलं नाही, तरी वाचलं.

रोज संगणक सांगे, 'आरक्षण: चार दिवस शिल्लक'. 'तीन दिवस शिल्लक'. फाटक एकदा लवकर आले आणि म्हणाले, "काय हो, कोऱ्या कागदाकडे बघत बसलाय? निवृत्तीची तयारी का?" पाचव्या सकाळी शेवटचं पान संपलं.

"वानखडे,

तुम्हाला ब्रेल वाचता येतं म्हणालात, म्हणून हे. निकिताकडून टाइप करून घेता आलं असतं, पण मग ते तिने आधी वाचलं असतं, आणि हसली असती.

निकिता म्हणजे माझी भाची, तिच्याकडे मी राहते. तिची कंपनी तिला एप्रिलअखेर बंगळूरला पाठवतेय. आत्या, तूही चल म्हणते. तिथलं घर मोठं आहे, लिफ्ट मजला बोलून सांगते. मी हो म्हणणार होते. मध्येच तुमच्या टिपा आल्या.

आत्तापर्यंत नऊशे चाळीस ऐकल्या. माझ्याशी इतकं कोणी बोललेलं नाही. समोर असता तेव्हा तुम्ही गप्प असता, पण ते गप्प बसणंही मला ऐकू येतं आणि मला ते आवडतं.

मी पुण्यात राहावं असं तुम्हाला वाटतं का? वाटत असेल तर लिहा. फोन करू नका. फोनवर तुम्ही 'हं'शिवाय काही बोलणार नाही. वाटत नसेल तर उत्तर देऊ नका. मला कळेल.

शैला"

ऊन टेबलावरून खाली उतरलं होतं. ठिपके दिसेनासे झाले, तरी हिंमतराव पानावर हात ठेवून बसले होते.

उत्तर देऊ नका, मला कळेल. आणि त्यांनी उत्तर दिलं नव्हतं. तीन महिने ही बाई रोज टपालाची वाट बघत असेल, आणि मग एक दिवस थांबली असेल. भाचीला हो म्हणाली असेल. एप्रिल संपायला नऊ दिवस राहिले होते.

फोन करावा? त्यांनी नंबर लावलासुद्धा. एकदा घंटी वाजली, आणि आपण काय म्हणणार आहोत ते त्यांना स्पष्ट ऐकू आलं: "हं." त्यांनी फोन ठेवला. दहा मिनिटांवर शैलाबाईंचं घर होतं. पण तिथे दारात उभं राहून ते काय बोलले असते, तेही सांगायला नको. आणि त्या बाईंनी मागितलं होतं ते एकच. लिहा.

हिंमतरावांनी पाटी काढली. ब्रेल पाटीवर कागद अडकवून टोचणीने ठिपके पाडायचे असतात, आणि तेही उजवीकडून डावीकडे, प्रत्येक अक्षर आरशातल्यासारखं उलटं. म्हणजे कागद पालटला की ते सुलटं वाचता येतं. आयुष्यभर जे सरळ लिहिता आलं नाही, ते आता उलट्या बाजूने लिहायचं होतं. टक्, टक्, टक्... दोन दिवस लागले. एकोणीस कागद वाया गेले. बोटाला फोड आला. कधी ठिपका जास्त पडे आणि अक्षर भलतंच होई. ब्रेलमध्ये खाडाखोड करायची सोय नसते; चुकलं की मग नवा कागद. पण एक गंमत झाली. टोचणीने लिहिताना आपण काय लिहितो ते दिसत नाही. दिसत नव्हतं, म्हणूनच असेल, त्यांनी जे लिहिलं ते याआधी कोणालाही, कधीही, कुठल्याही टिपेत लिहिलं नव्हतं.

आरक्षणाच्या सातव्या दिवशी ते बिबवेवाडीच्या पोस्टात रांगेत उभे राहिले. पुढे पाच माणसं, मागे सात.

खिडकीतल्या बाईंनी लिफाफा उघडून पानं बाहेर काढली. "हे तर कोरं आहे."

"नाही. ते... ब्रेल आहे."

"असं होय." त्यांनी पानावरून बोट फिरवलं. "मग याला तिकीट लागत नाही. वर 'अंधांसाठी साहित्य' असं लिहा. आणि पाकीट चिकटवू नका हं. उघडंच जातं हे, तपासता यावं लागतं."

"उघडं?" हिंमतरावांचा चेहरा पांढरा पडला. "पण... कोणीही वाचेल."

"कोण वाचणार काका? आम्हाला कुठे येतं." बाईंनी पानं उजेडाला धरली. "आत आहे काय पण? पुस्तक आहे का वर्गाच्या नोट्स? मला लिहावं लागतं."

मागून कोणीतरी घसा खाकरला. "अहो, उरका. आम्हालाही कामं आहेत."

हिंमतरावांनी त्या उघड्या पानांकडे पाहिलं. दोन दिवसांत टोचलेला प्रत्येक शब्द तिथे सगळ्यांसमोर उभा होता, आणि खोलीतल्या एकालाही तो दिसत नव्हता. त्यांना त्या कागदाचं भयंकर नवल वाटलं. आणि मग ते बोलले, चांगलं मोठ्याने, वाक्य पुरं करून.

"पत्र आहे. एक बाई गाव सोडून चालल्या आहेत. जाऊ नका, इथेच माझ्याजवळ राहा, असं मी त्यांना लिहिलं आहे."

रांगेतल्या सगळ्या माना इकडे वळल्या. मग तोच मागचा घसा म्हणाला, "मग इथे काय भाषण देताय? जाईल ना ती! टाका की लवकर!"

सगळे हसले. खिडकीतल्या बाईसुद्धा हसल्या आणि पत्ता वाचायला लागल्या. "बिबवेवाडीतच? अहो, चालत गेला असतात तरी..." मग त्यांनी हिंमतरावांच्या तोंडाकडे पाहिलं आणि ते वाक्य सोडून दिलं. "उद्या सकाळी पोचेल," त्या म्हणाल्या. "मी पोस्टमनला सांगते, पहिलं हेच द्या म्हणून."

त्यांनी पानं अलगद लिफाफ्यात सरकवली, ठिपके दबणार नाहीत अशा बेताने कडेला शिक्का मारला, आणि न चिकटवलेला तो लिफाफा बाजूच्या पेटीत टाकला.